दुसऱ्याने भरलेले काडतूस

लुईसटाऊन, मॉन्टाना
२ सप्टेंबर २०२५

क्लाइड,

माझ्या बहिणीचा, इन्ग्रिडचा, नवरा म्हणून तुला २०१७पासून दर सप्टेंबरात मी घरी भरलेल्या वीस काडतुसांचा एक डबा पाठवत आलो आहे, आणि दर डिसेंबरात तू वीस रिकाम्या पितळी नळ्या परत करत आला आहेस. या व्यवहाराला एकच अट होती: नळी परत यावी. गोळी जाते, बारूद जळते, बुडातली टोपी एकदाच ठिणगी देते. नळी मात्र पुन्हा पुन्हा भरता येते. घरी काडतूस भरून पैसे वाचतात की नाही, याचे उत्तर ती किती वेळा परत येते यावरच अवलंबून असते.

एक नळी किती वेळा टिकते याची नोंद ठेवावी म्हणून गेल्या वर्षी मी प्रथमच प्रत्येकीच्या बुडाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. तुला सांगितले नव्हते, कारण त्यात सांगण्यासारखे काही नव्हते. तुझे डिसेंबरचे पाकीट मी परवा उघडले. नळ्या वीस आहेत. ठिपका एकीवरही नाही.

ठिपका घासून गेला असेल असे आधी गृहीत धरले आणि लांबी मोजली. प्रत्येक वेळी उडाल्यावर नळी किंचित लांबते, मी ती कापून सारखी करतो, आणि कापल्याची खूण तोंडाशी राहते. तू पाठवलेल्या नळ्यांना कधी पाते लागलेलेच नाही. त्या कारखान्यातून निघून फक्त एकदा उडाल्या आहेत. म्हणजे त्या माझ्या नाहीत. तुझ्या मागच्या पाकिटांतल्या नळ्या इतरांत मिसळून गेल्यामुळे त्यांच्याबद्दल मी काही म्हणत नाही. म्हणत नाही, एवढेच.

तेव्हा माझी काडतुसे कुठे गेली? स्वतःसाठी भरायला कोणाची हरकत नाही. विकायला परवाना लागतो, हे तुला ठाऊक आहे. उद्या कोणा अनोळखी माणसाच्या हातात काही बरेवाईट झाले, तर डब्यावर अक्षर माझे आहे.

करिन या वर्षी पहिल्यांदा माझ्याबरोबर हरणाच्या शिकारीला येते आहे. वसंतात तू तिला दिलेली इन्ग्रिडची रायफल ती वापरणार. लेकीसाठी चाळीस काडतुसे भरून मी तिच्या गाडीत ठेवलीसुद्धा. तळघरातल्या मागच्या फळीवर २०१७ सालचा एक डबा सापडला, तळाशी तिसरा हिस्सा बारूद शिल्लक; तीच संपवली. दुकानात एक काडतूस दोन डॉलर साठ सेंटला मिळते, माझे नेहमीचे एक डॉलर नऊ सेंटला पडते, आणि करिनचे सदुसष्ट सेंटला पडले. यात पैसे वाचत नाहीत, असे कोणी मला दाखवून द्यावे.

उत्तर लेखी हवे.

मिल्टन हॉगेन

---

सँडपॉइंट, आयडाहो
१० सप्टेंबर

मेहुणेबुवा,

बत्तीस वर्षं लोकांच्या घरांवर कर बसवलास, निवृत्त झालास, आणि आता माझ्या पाकिटावर बसवतोयस. नेमबाजीच्या मैदानावर सगळ्यांचं पितळ एकाच मातीत पडतं. माझे गुडघे आता असे झालेत की एकदा वाकलो की हाताला येईल ते माझं. दुसऱ्याचं आलं असेल. आणखी काही नाही.

तुझ्या त्या एक डॉलर नऊ सेंटचं मात्र मला कौतुक वाटतं. काडतूस दाबायचं यंत्र, काटा, कापायचं पातं, पितळ घासायचं ते दिवसभर गरगरणारं भांडं, हे सगळं त्यात कुठे बसलं? तळघरात घालवलेल्या तुझ्या दुपारी कुठे बसल्या? आमच्या लाकडाच्या गिरणीत मी असा हिशेब दिला असता तर मालकानं मलाच करवतीखाली घातलं असतं. वर स्वस्त पडतं म्हणून तू दुप्पट उडवतोस. इन्ग्रिड म्हणायची, ‘मिल्टन दर वर्षी इतके पैसे वाचवतो की एक दिवस त्याचं दिवाळं निघेल.’

करिनचं पहिलंच वर्ष आहे, तर तिला दुकानातली डबी घेऊन दे. सोबत साठ डॉलर ठेवलेत. आत्याकडून म्हणून सांग.

आणि तो २०१७चा डबा म्हणतोस तो कुठला? अर्धवट का राहिला होता? सहज विचारतोय.

क्लाइड

---

लुईसटाऊन
१७ सप्टेंबर

क्लाइड,

साठ डॉलर परत पाठवत आहे. मी स्पष्टीकरण मागितले होते; तू पैसे पाठवलेस. कर कार्यालयात अशा माणसाचे कागद आम्ही सर्वांत आधी उघडत असू.

तुझे म्हणणे असे की मैदानावर दुसऱ्याचे पितळ मिसळले. वीसही नळ्यांच्या बुडावर एकाच कारखान्याचा शिक्का आहे. मातीतून चाचपून उचललेल्या वीस वस्तू इतक्या एकसारख्या नसतात. मी सोमवारी सँडपॉइंटच्या तळ्याकाठच्या शिकारीच्या दुकानात फोन केला आणि तुझा नातेवाईक म्हणून चौकशी केली. तिथला माणूस बोलका निघाला. ‘क्लाइड ना? दर ऑक्टोबरला एक डबी. ठरलेली आहे. डबी घेतो, अर्धा तास हवामानावर बोलतो, आणि जातो.’ त्याच मापाची, वीस काडतुसांची डबी. किती वर्षे, असे विचारले तर म्हणाला, मी इथे लागलो तेव्हापासून, म्हणजे सात-आठ तरी.

ज्याला वीस काडतुसे फुकट मिळतात तो माणूस वीस विकत का घेतो? मला एकच उत्तर दिसते. तू माझी विकतोस, दुकानातली उडवतोस, आणि त्यांचे पितळ मला पाठवून व्यवहार पूर्ण झाल्याचे भासवतोस. जुन्या डब्याची चौकशी तू ‘सहज’ केलीस, तीही मला सहज वाटत नाही. माझ्या फळीवर काय शिल्लक आहे याच्याशी तुझा संबंध नाही, तरी सांगतो: २०१८च्या वसंतात बारुदीचा मोठा डबा सवलतीत मिळाला म्हणून जुना मागे सरकवला होता.

करिन रविवारी, १२ ऑक्टोबरला, खडीच्या खाणीत रायफलचा नेम जुळवून घेणार आहे. ती माझीच काडतुसे वापरणार. तू तिला फोन करशील आणि काय सांगशील, याची कल्पना मी तिला देऊन ठेवली आहे. मला फोन करू नये. पत्र लिहावे, लिहिलेले मागाहून बदलता येत नाही.

मिल्टन

---

सँडपॉइंट
२४ सप्टेंबर

मिल्टन,

तीनदा फोन केला. तिन्ही वेळा माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. करिनलाही केला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, रोग्याचं ऐकावं तसं. नर्सच ना ती. मग म्हणाली, ‘काका, बाबा म्हणालेच होते की तुम्ही त्यांच्या काडतुसांना नावं ठेवाल.’ म्हणून हे लिहितोय, आणि टपालाचे जास्तीचे पैसे भरून पाठवतोय.

मी तुझं एकही काडतूस विकलेलं नाही. उडवलेलंही नाही. आठही डबे माझ्या कपाटात आहेत.

२०१७चा नोव्हेंबर. गिरणीच्या मागे ओंडक्यावर कागद लावून इन्ग्रिड नेम जुळवत होती. तुझ्या नव्या डब्यातलं पहिलंच काडतूस तिनं उडवलं. धक्का नेहमीपेक्षा मोठा बसला, आणि रिकामी नळी काढायला रायफलचा बोल्ट मागे ओढला तर तो उघडेना. मी लाकडाचा ठोकळा मारून मारून उघडला. बुडातली टोपी नाण्यासारखी सपाट झालेली, कडेनं काळी. रायफल फुटायची राहिली होती, मिल्टन, आणि तिचा गाल त्या बोल्टपासून वीतभर अंतरावर होता. ती हसली. म्हणाली, ‘मिल्टननं या वेळी कॉफी कडक केलीय.’ मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता त्याला फोन कर. तर म्हणे, ‘नाताळ होऊ दे. मी सांगते, माझ्याकडून ऐकेल. तुझ्याकडून ऐकलं तर वर्षभर बोलायचा नाही.’

जानेवारीत ती गेली. तू अंत्यविधीला आलास, दारातच माझा हात धरलास, आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून तू विचारलंस, या वर्षीचा डबा कसा लागला? मी म्हणालो, उत्तम. त्या एका शब्दाला टेकू द्यायला मी त्या हंगामापासून दर वर्षी दुकानातलं पितळ पाठवत राहिलो.

दुसऱ्यानं भरलेलं काडतूस कधी उडवायचं नाही, हे मला पहिल्या दिवशी तूच शिकवलंस. वर म्हणाला होतास, ‘माझं सोडून.’ मी तुझंही सोडलं नाही, एवढंच केलं.

पुढचे डबे चांगले असतील, वाईट असतील, मला माहीत नाही. मी बघितलंच नाही. पण इन्ग्रिडचा तो काडतुसांचा डबा २०१७चा होता, आणि करिनची चाळीस तू २०१७च्याच बारुदीनं भरलीस. मला शिव्या घाल, चोर म्हण, काहीही म्हण. बारा तारखेच्या आधी ती तिच्या गाडीतून काढून घे.

क्लाइड

---

लुईसटाऊन
१ ऑक्टोबर

क्लाइड,

तुझे पत्र मी तीनदा वाचले. विक्री उघडकीस आली की माल खराब होता असे सांगणारे लोक मी पूर्वी पाहिले आहेत. साक्षीदार म्हणून तू माझ्या बहिणीला उभे केलेस, जिची उलटतपासणी आता होऊ शकत नाही. हे मला आवडले नाही.

काडतूस कडक लागले असेल तर त्यात बारूद जास्त पडलेली असली पाहिजे. मी प्रत्येक माप काट्यावर तोलतो. दहा काडतुसांमागे एक तोलणारे लोक असतात. मी त्यांच्यातला नाही.

तुझे म्हणणे खरे असेल तर ते सिद्ध करणे सोपे आहे. आठ डबे, प्रत्येकी वीस, वजा इन्ग्रिडने उडवलेले एक. एकशे एकोणसाठ. ती दाखव. दाखवेपर्यंत बारा तारखेचा कार्यक्रम कायम आहे.

मिल्टन

---

तुझ्या ओसरीवर
बुधवार, ८ ऑक्टोबर, दुपार

मिल्टन,

साडेसात तास गाडी चालवली. दार चार वेळा वाजवलं. तुझी गाडी आवारात आहे आणि स्वयंपाकघराचा पडदा हलला, तेव्हा घरी नाहीस असं म्हणू नकोस. ठीक आहे.

हे आठ डबे. एकशे एकोणसाठ. एकशे साठावं रिकामं आहे, ते इन्ग्रिडच्या बटणांच्या डबीत ठेवलंय. त्याची टोपी नीट बघ.

तू मोजशीलच. त्याच भरवशावर ठेवून जातोय.

क्लाइड

---

लुईसटाऊन
१४ ऑक्टोबर

प्रिय क्लाइड,

घडले ते क्रमाने लिहितो. मी पडद्यामागे होतो. तुझी गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर डबे आत आणले आणि मोजले. एकशे एकोणसाठ भरले. डब्यांवर माझे अक्षर, माझ्या तारखा. आठांपैकी सातांची चिकटपट्टीही तुटलेली नव्हती. तू एकही विकलेले नाहीस. तो आरोप मी मागे घेतो.

माल खराब होता हा आरोप मात्र मला मान्य नव्हता. गुरुवारी, शुक्रवारी आणि शनिवारी मी सगळी काडतुसे उघडली. प्रत्येक गोळी काढली, प्रत्येक बारूद काट्यावर तोलली. शनिवारी दुपारी साडेतीनपर्यंत सर्व संपली. वजन सगळ्यांचे बरोबर निघाले. एकातही काट्याच्या सर्वांत बारीक रेघेइतका फरक नव्हता, इन्ग्रिडच्या डब्यातल्या एकोणीस काडतुसांतही नाही. मी तिथेच बसून तुला पत्र लिहायला घेतले. त्याचे अर्धे पान सोबत जोडले आहे. त्यात तुला खोटारडा म्हटले आहे, आणखीही काही आहे. ते तुझ्या नावाचे असल्याने तुझ्याकडे असावे.

पान अर्ध्यावर का थांबले ते त्यावर दिसेल. इन्ग्रिडच्या डब्यातल्या शेवटच्या काडतुसाची बारूद काट्याच्या पळीतच राहिली होती. पळी मोकळी करायला हाताशी दुसरा कागद नव्हता, म्हणून ती मी पानाच्या कोऱ्या भागावर उपडी केली. आजवर बारूद मी नेहमी काळ्या पळीत पाहिली आहे. पांढऱ्या कागदावर, खिडकीच्या उजेडात, बहुधा प्रथमच पाहिली. रायफलची बारूद लांबट, बारीक काड्यांसारखी असते. त्या काड्यांमध्ये चपट्या चकत्या होत्या. थोड्याच, पण होत्या. चकत्यांची बारूद माझ्या पिस्तुलाची आहे. ती कितीतरी लवकर पेटते आणि रायफलमध्ये दाब एकदम वाढवते.

मला आता जे आठवते ते असे. २०१७च्या उन्हाळ्यात मी पिस्तुलाची काडतुसे भरली. माप घालण्याच्या यंत्रात थोडी बारूद उरली, दोन-तीन चमचे, चाळीस-पन्नास सेंटची. ती फेकायला जिवावर आले म्हणून परत डब्यात ओतली. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवायचा, हा नियम मी तुला शिकवला. त्या दिवशी टेबलावर दोन होते, आणि मी ती रायफलच्या बारुदीच्या डब्यात ओतली असणार. काटा वजन सांगतो, बारूद कोणती ते सांगत नाही. मी आठ वर्षे काट्यावर विसंबून राहिलो.

नंतरच्या सात डब्यांत एकही चकती सापडली नाही. ती एकशे चाळीस काडतुसे निर्दोष होती. तू ती उडवू शकला असतास, आणि उडवली नाहीस हेच बरोबर केलेस.

करिनची चाळीस तिच्या गाडीत होती. शनिवारी पावणेचार वाजता मी तिला फोन केला. ती म्हणाली, ‘बाबा, आता तुम्ही अगदी क्लाइडकाकांसारखे बोलताय.’ तिला वाटले, तूच माझे कान भरलेस. खाणीत जाऊ नकोस, एवढेच तिच्याकडून कबूल करून घेतले आणि मी स्वतः जाऊन ती घेऊन आलो. बारुदीचा तो डबा कपडे वाळवण्याच्या यंत्रावरच्या फळीवर आठ वर्षे होता. यंत्र चालले की फळी थरथरते. बारीक माल खाली बसला होता. इन्ग्रिडच्या वाट्याला वरचा थर आला. करिनच्या वाट्याला तळ. तिच्या काडतुसांत अंदाजे पाचवा हिस्सा चकत्या आहेत. इन्ग्रिडच्या नळीची सपाट टोपी माझ्यासमोर ठेवून मी ती चाळीस उघडली. ती उडाली असती तर काय झाले असते, याचा हिशेब मी केलेला नाही.

दुसरा केला आहे. आजच्या भावाने मी आठ वर्षांत तुझ्यापुरते दोनशे एक्केचाळीस डॉलर साठ सेंट वाचवले. ते वाचवता यावेत म्हणून तू आठ डब्या विकत घेतल्यास, त्याचे चारशे सोळा होतात. चारशे सोळाचा चेक जोडला आहे. दूषित बारूद परसातल्या गवतावर पसरून टाकली.

एक गोष्ट राहते. तू आठ वर्षे माझ्यावर संशय घेतलास आणि मला कळू दिले नाहीस. मी सहा आठवडे तुझ्यावर संशय घेतला आणि त्यातले प्रत्येक वाक्य तुला लिहून कळवले. दोघांपैकी जास्त कोण चुकले ते मला ठरवता आलेले नाही. एवढे मात्र खरे की तू २०१८ साली तोंड उघडले असतेस, तर तो डबा त्या फळीवर राहिला नसता.

यापुढे मी दुसऱ्या कोणासाठी काडतुसे भरणार नाही. या वर्षी डबा येणार नाही.

तुझा,
मिल्टन

---

सँडपॉइंट
३ नोव्हेंबर

प्रिय मिल्टन,

चेक फाडला. अर्धं पान ठेवून घेतलंय. ‘खोटारडा’च्या खाली तू दोन रेघा मारल्यास, आणि त्या पट्टी धरून मारल्यास. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काल करिनचा फोन आला होता. हरीण मिळालं, एकाच गोळीत, दुकानातल्या. माझी माफी मागितली, मग म्हणाली, ‘बाबा हल्ली तळघरात जातच नाहीत. यंत्रावर चादर टाकून ठेवलीय.’ चांगलं लक्षण नाही म्हणाली, आणि नर्स आहे ती.

तू जे शेवटी लिहिलंस ते खरं आहे. मी तोंड उघडायला हवं होतं. आधी इन्ग्रिडचं निमित्त होतं, मग तुझं, आणि नंतर तर मी माझ्याच खोटेपणाला सरावलो. दर ऑक्टोबरला डबी घेताना वाटायचं, आपण एका म्हाताऱ्याचं मन राखतोय. प्रत्यक्षात तुझं ते वर्षभराचं न बोलणं टाळत होतो.

आता काम. चादर काढ. मला या वर्षीचा डबा हवाय. दुकानातली डबी आणखी दोन डॉलरनं महागलीय आणि तो माणूस हवामानावर फार बोलतो. टेबलावर एकच डबा ठेव. बारुदीच्या डब्यावरचा क्रमांक माझ्या डब्यावर लिही. लाल ठिपके लाव; मोठे लाव, मला हल्ली बारीक दिसत नाहीत.

तुझ्यावर विश्वास बसला म्हणून मागतोय असं समजू नकोस. तो नियम तूच शिकवलास आणि तो मी सोडणार नाही. वीस पाठव. त्यातली दोन, मला वाटतील ती, मी फोडून पांढऱ्या कागदावर ओतून बघेन. मग अठरा उडवेन. डिसेंबरात ठिपकेवाल्या अठरा नळ्या येतील. वीस मोजत बसू नकोस.

क्लाइड